गोळी घेतली तर विश्वास कमी पडला असं होतं का? सोलापूरच्या एका ताईंना उत्तर

प्रश्न: मी सोलापूरची, वय ४७. युनिफॉर्मच्या कारखान्यात शिलाईला जाते. मिस्टर चार वर्षं डायलिसिसवर होते, मागच्या पावसाळ्यात गेले. वर्ष उलटून गेलं. पहाटे तीन-साडेतीनला जाग येते ती येतेच. जेवण जात नाही. मशीनवर हात चालत नाही. बायबल उघडते, पण ओळ पुढे सरकत नाही. प्रार्थना तर सुचतच नाही. सारखं वाटतं, त्या रात्री त्यांना अर्धा तास आधी नेलं असतं तर वाचले असते. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या भगिनी म्हणतात, ते प्रभूजवळ सुखात आहेत, तुमचाच विश्वास कमी पडतोय, उपास-प्रार्थना धरा. आमच्या डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला सांगितलंय. पण तसली गोळी घेणं म्हणजे देवावर भरवसा नाही असं होईल का? कधी कधी वाटतं, रात्री झोपावं आणि सकाळी उठूच नये. मुलगा १९ वर्षांचा आहे, तो चर्चला यायचा बंद झालाय. मी आशा आणू तरी कुठून?

उत्तर:

ताई, जय ख्रिस्त.

सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जवळजवळ शेवटी घातलंय, म्हणून मी तिथूनच सुरुवात करतो. ‘सकाळी उठूच नये’ हे आमच्या ओपीडीतही लोक असंच सांगतात, सगळं बोलून झाल्यावर, दाराशी चप्पल घालता घालता. ख्रिस्ती माणसाला ते सांगणं आणखी अवघड जातं. जीव देणं पाप आहे हे संडे स्कूलपासून कानावर पडलेलं असतं, त्यामुळे नुसता विचार आला तरी आपण पापात पडलो असं वाटतं आणि तो विचार गिळला जातो. मरण यावंसं वाटणं हे नैराश्याच्या आजाराचं लक्षण आहे. मोशेनं, एलीयानं, योनानं, ईयोबानं तसं तोंडानं बोलून दाखवल्याचं शास्त्रात लिहून ठेवलंय, आणि त्यासाठी त्यांच्यापैकी एकालाही देवानं शिक्षा केलेली नाही.

आता एक सरळ विचारतो. ‘उठूच नये’ याच्या पुढे विचार जातो का? कसं करायचं, कधी करायचं, असं डोक्यात येतं का? येत असेल तर हे उत्तर वाचून संपायची वाट बघू नका. आत्ता मुलाला किंवा नणंदेला हाक मारा, आहे ते सांगा आणि कुणाला तरी सोबत घेऊन सिव्हिलच्या अपघात विभागात जा. रात्री-अपरात्री बोलायला कुणी नसेल तर १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी नंबर आहे. पैसे पडत नाहीत, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. पोलीस केस होईल म्हणून पुष्कळ जण दडवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं, असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असंच धरायचं आणि त्याच्यावर खटला चालवायचा नाही, असं ठरवून दिलंय.

आणि एक काम आजच्या आज करा. चार वर्षं डायलिसिस झालेल्या घरात औषधांचा एक डबा असतोच. बीपीच्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या, शुगर असेल तर फ्रीजमध्ये उरलेलं इन्सुलिन. तो डबा दिराकडे नाही तर नणंदेकडे देऊन टाका. आठवण म्हणून ठेवायला त्यांचं घड्याळ आहे, चष्मा आहे. औषधं घरात नकोत. तुमच्यावर अविश्वास आहे म्हणून सांगत नाही. पहाटे साडेतीनला माणसाचं मन त्याचं स्वतःचं नसतं, आणि अशा वेळी हाताशी काय आहे यावर फार काही ठरतं.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो.

नवरा गेल्यावर वर्षभरानंतरही रडू येणं हा आजार नव्हे. दुःखाचं एक ओळखू येणारं वागणं असतं. ते येतं, जातं. डायलिसिसला न्यायचे त्या रिक्षावाल्या भाऊंना रस्त्यात बघितलं की पोटात कालवतं, भडभडून येतं, आणि तासाभरानं शेजारणीच्या बोलण्यावर हसूही येतं. माणूस हवाहवासा वाटतो, पण स्वतःबद्दल घृणा वाटत नाही. नैराश्यात दिवस सपाट होतो. सकाळ सगळ्यात वाईट, संध्याकाळी जरा बरं. शेंगाचटणी आणि कडक भाकरी समोर असली तरी तोंडात माती. हसू येत नाही, आणि पुष्कळांना रडूही येत नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळपास रोज असं चाललं तर आम्ही त्याला आजार म्हणतो. तुमचं तर कित्येक महिने चाललंय. पहाटेची जाग, अन्नावरची वासना जाणं, कॉलर लावताना हात मंद पडणं, वाचलेली ओळ डोक्यात न शिरणं ही सगळी त्याच आजाराची लक्षणं आहेत. बायबलची ओळ पुढे सरकत नाही त्याचं कारणही तेच. मालकांनी दिलेल्या मापाच्या चिठ्ठीवरची ओळही तुमच्या डोक्यात शिरत नसणार, बघा आठवून. एकाग्रता गेलीय. तिचा श्रद्धेशी संबंध लावू नका.

नुसत्या चिठ्ठीवरून मी निदान करणार नाही, ते समोर बसूनच करावं लागतं. तुमच्या वयात थायरॉईड कमी पडलं, हिमोग्लोबिन किंवा बी-१२ उतरलं तरी असाच गळाठा येतो. पाळी जाण्याच्या दिवसांत झोप आणि मूड दोन्ही बिघडतात. शिवाय लांबलेला शोक ही एक वेगळी अवस्था आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत तिला आता स्वतंत्र जागा आहे. तिच्यात गेलेल्या माणसाची ओढ सहा महिन्यांनंतरही इतकी तीव्र राहते की रोजचं जगणं अडतं. तिला गोळीपेक्षा बोलण्याच्या उपचाराचा उपयोग जास्त होतो. काही जणांना दोन्ही असतं. म्हणून तपासणी.

मंडळीतल्या भगिनींच्या बोलण्याबद्दल. त्या वाईट मनानं बोलत नाहीत हे मला माहीत आहे. मीही अशाच मंडळीत वाढलोय, घरोघरी भरणाऱ्या कॉटेज प्रार्थनेतल्या चहा-बिस्किटांसकट. पण ‘विश्वास कमी पडतोय’ हे निदान शास्त्राच्या पुढे टिकत नाही, आणि हे मी डॉक्टर म्हणून नव्हे, मंडळीचा माणूस म्हणून सांगतोय. बायबलमधलं ‘पहिले राजे’ हे पुस्तक काढा, १८ आणि १९ हे अध्याय लागोपाठ वाचा. वाचवत नसेल तर मुलाला वाचून दाखवायला सांगा. अठराव्यात एलीया कर्मेल डोंगरावर उभा आहे, त्याच्या प्रार्थनेनं आकाशातून अग्नी उतरतो. एवढा विश्वास आपल्या सोलापुरात कुणाचा आहे? एकोणिसाव्यात तोच माणूस रानात एका झुडपाखाली बसून म्हणतो, पुरे झालं, आता माझा जीव घे. मधे विश्वास कुठे गळून पडल्याचं लिहिलेलं नाही. माणूस थकला होता, घाबरला होता, एकटा पडला होता.

आणि देव काय करतो ते बघा. उपदेश करत नाही. एलीया झोपतो. दूत त्याला हात लावून उठवतो, उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी असतं. तो खातो आणि परत झोपतो. दूत त्याला ओरडत नाही. दुसऱ्यांदा उठवतो, पुन्हा खायला देतो, वाट लांबची आहे म्हणतो. त्या अन्नाच्या बळावर तो ४० दिवस आणि ४० रात्री चालून होरेब डोंगराला पोचतो, आणि तिथे गेल्यावर कुठे बोलणं निघतं. तिथंही देव आधी विचारतो, तू इथं काय करतोस? एलीया आपलं रडगाणं गातो. देव पुन्हा तेच विचारतो, तो पुन्हा तेच गातो, शब्द न शब्द तोच. त्याला दोन्ही वेळा बोलू दिलं जातं. मग अलीशा नावाचा एक जोडीदार मिळतो. झोप, अन्न, चालणं, ऐकून घेणारं कुणी, सोबत. आज एखादा समुपदेशक नैराश्याच्या पेशंटला कागदावर लिहून देईल ते यापेक्षा फार वेगळं नसतं.

म्हणून तुम्हाला स्पष्ट सांगतो, सध्या उपास करायचा नाही. आधीच जेवण जात नाही, अंग उतरलं असणार. पोटात अन्न नसताना मन आणखी खाली जातं. रात्रभराच्या प्रार्थनेलाही आता बसू नका. मोडकी का होईना, जी झोप आहे ती जपायची आहे. कुणी विचारलं तर सांगा, डॉक्टरांनी मना केलंय. माझं नाव पुढे करा हवं तर.

‘ते प्रभूजवळ सुखात आहेत’ हे खरं आहे, आपला विश्वासच तो आहे. पण खरं वाक्यही चुकीच्या वेळी बोललं की दगडासारखं लागतं. थेस्सलनीकाच्या मंडळीला प्रेषित पौलानं लिहिलं की आशा नसलेल्या लोकांसारखा खेद करू नका. लोक हे वाक्य मधेच तोडतात आणि ‘खेद करू नका’ एवढंच हातात देतात. लाजर वारला तेव्हा त्याच्या बहिणींच्या घरी काय झालं ते आठवा. मार्था बोलायला आली, तिच्याशी प्रभू पुनरुत्थानाचं बोलला. मरिया नुसती पायाशी पडून रडली, तिच्यापुढे प्रभूनं एकही शिकवण मांडली नाही, तो रडला. लाजराला थोड्याच वेळात उठवायचं आहे हे त्याला ठाऊक होतं, तरी रडला. पुनरुत्थानावर विश्वास असलेल्या माणसानं रडू नये असा नियम काढणाऱ्यांना मी योहानाचा ११वा अध्याय दाखवतो.

आता गोळीचं. पौलाचा सोबती तीमथ्य, त्याचं पोट वारंवार बिघडत होतं, तेव्हा पौलानं त्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. त्या काळात तेच औषध होतं. नुसती प्रार्थना कर असं लिहिलं नाही, आणि पौलाच्या हातून माणसं बरी होत होती हे लक्षात घ्या. लूक वैद्य होता आणि त्याच्या हातचं शुभवर्तमान आणि प्रेषितांची कृत्यं आपण रविवारी वाचतो. तुमच्या मिस्टरांचं डायलिसिस चार वर्षं चाललं, तेव्हा कुणी तुम्हाला विश्वास कमी आहे असं म्हटलं होतं का? मशीनला लावताना तुम्ही हात धरून प्रार्थनाच करत होता ना? मूत्रपिंडाला जे चालतं ते मेंदूला का चालू नये, याचं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही. मंडळीच्या वडीलजनांनी तेल लावून प्रार्थना केली तर जरूर करून घ्या, याकोबाच्या पत्रात ते सांगितलंच आहे. मात्र एखाद्या सभेत कुणी गोळ्या फेकून द्या म्हटलं तर तिथून उठून घरी या. गोळ्या टाकून दिल्यावर पुन्हा कोसळलेली माणसं आमच्याकडे येतात, त्या वेळी सभेतलं कुणी सोबत नसतं.

नैराश्यासाठी साधारण ज्या गोळ्यांनी सुरुवात होते, एस्सिटॅलोप्राम, सर्ट्रालीन वगैरे, त्या नशेच्या नाहीत आणि त्यांची चटक लागत नाही. पहिला आठवडा-दोन आठवडे मळमळ, जुलाब, डोकेदुखी, थोडी बेचैनी होऊ शकते. ही सुरुवात लोकांना सगळ्यात जास्त फसवते, कारण त्रास आधी येतो आणि गुण नंतर. झोप-भूक दोन ते चार आठवड्यांत सुधारायला लागते, मन पुरतं वर यायला सहा ते आठ आठवडे जातात. चार गोळ्या खाऊन ‘काही फरक नाही’ म्हणून सोडू नका. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवावी लागते आणि मग डॉक्टरांच्या सांगण्यानं हळूहळू कमी करायची. एकदम बंद केली तर चक्कर येते, डोक्यात झटके बसल्यासारखं होतं. पहिल्या दिवसांत तळमळ फार वाढली किंवा मरणाचे विचार वाढले तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी कळवायचं. पूर्वी कधी काही दिवस झोपेशिवाय उत्साहात काढले असतील, बोलणं-खर्च अवाच्या सवा झाला असेल, तर तेही सांगा, कारण मग औषध वेगळं लागतं.

सवय लागते ती झोपेच्या गोळ्यांची, अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या जातीच्या. त्या थोडे दिवस द्याव्या लागतात कधी कधी, पण जुनी चिठ्ठी दाखवून महिनोन्‌महिने त्या खाणारी माणसं मी बघतो. तसं करू नका.

बऱ्याच बायका मला विचारतात, गोळीनं मी त्यांना विसरून तर जाणार नाही ना? मला वाटतं भीतीच्या मुळाशी पुष्कळदा हेच असतं. उलट होतं. औषध लागू पडल्यावर काही आठवड्यांनी पेशंट येऊन सांगतात, डॉक्टर, आता मला रडू येतंय. घरच्यांना वाटतं बिघडलं. मला ते सुधारणेचं चिन्ह वाटतं. इतके दिवस मन गोठल्यासारखं होतं, दुःखही नीट होत नव्हतं. आता त्यांची आठवण येते, त्यांचा आवाज आठवतो, डायलिसिसच्या आधीची वर्षं आठवतात, गड्ड्याच्या जत्रेत पोराला खांद्यावर घेऊन हिंडलेले आठवतात. आजारपणाच्या शेवटच्या चार वर्षांनी सगळं झाकून टाकलेलं असतं, ते उघडतं.

त्या रात्रीचा अर्धा तास. हे जरा सविस्तर लिहितो, कारण ख्रिस्ती घरांत याचं एक वेगळंच दुखणं होतं. खरी चूक झालेली असते तेव्हा माणूस ती कबूल करतो, क्षमा मागतो, आणि मन कधी ना कधी हलकं होतं. आजारातून आलेला अपराधीपणा क्षमेनं हलत नाही. माणूस शंभर वेळा गुडघे टेकतो, पाळकसाहेबांकडे जाऊन बोलतो, प्रभुभोजनाला जायलाही बिचकतो, आणि दुसऱ्या पहाटे तेच वाक्य पुन्हा हजर. मग त्याला वाटतं, देवानं मला क्षमाच केलेली नाही. तुमचं तसं होतंय का बघा. होत असेल तर आणखी कबुली देऊ नका. ज्यांची दोन्ही मूत्रपिंडं गेली होती आणि ज्यांना तुम्ही चार वर्षं जगवलंत त्यांच्या मरणाचा हिशेब अर्ध्या तासावर येत नाही. तुमच्या डायलिसिसच्या डॉक्टरांना एकदा भेटून सरळ विचारा, अर्धा तास आधी आणलं असतं तर? बायका हे विचारायला घाबरतात. विचारा. उत्तर ऐकून बरंच ओझं उतरतं.

आशा कुठून आणू, असं विचारलंय तुम्ही. सध्या तुम्ही ती आणूच नका. हे धक्कादायक वाटेल, म्हणून मार्काच्या दुसऱ्या अध्यायातली कफर्णहूमची गोष्ट सांगतो. पक्षाघात झालेल्या माणसाला चौघांनी बाजेसकट उचलून आणलं, गर्दीमुळे आत जाता येईना म्हणून छप्पर उसकलं आणि त्याला खाली सोडलं. तिथं लिहिलंय की येशूनं त्यांचा विश्वास पाहिला. त्या पडलेल्या माणसाला काय वाटत होतं, त्याला आशा होती की नव्हती, तो प्रार्थना करत होता की छताकडे बघत होता, याबद्दल एक अक्षर नाही. उचलणाऱ्यांचा विश्वास पुरला. नैराश्यात आशा वाटणं हीच क्षमता जाते, जशी त्याच्या पायांतली ताकद गेली होती. ज्याला ती वाटत नाही त्याला ‘आशा धरा’ सांगणं म्हणजे त्या माणसाला बाजेवरून उठून स्वतः छपरावर चढ म्हणण्यासारखं आहे. ख्रिस्ती आशा तुमच्या मनात किती डिग्री आहे यावर टिकलेली नाही. ती पहिल्या पुनरुत्थानाच्या रविवारी झालेल्या घटनेवर टिकलेली आहे, आणि ती घटना तुम्ही पहाटे साडेतीनला कशा पडलेल्या असता त्यानं बदलत नाही. उठलेल्या प्रभूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण तसेच होते हेही लक्षात असू द्या.

तेव्हा तुम्हाला चार माणसं लागतील. मंडळीत असावीत, नसली तरी चालेल, शेजारच्या तेलुगू बोलणाऱ्या काकू असल्या तरी चालतील. एक जण ओपीडीत सोबत येणारी. एक जण दुपारी डबा पाठवणारी, कारण स्वतःसाठी चूल पेटवणं तुम्ही केव्हाच बंद केलं असणार. एक जण संध्याकाळी कारखाना सुटल्यावर तुमच्याबरोबर चालणारी. कंबर तलावाकडे जा नाही तर गल्लीतच चार फेऱ्या मारा. उन्हाळ्यात मात्र सकाळी सातच्या आत, आपल्याकडचं ऊन तुम्हाला सांगायला नको. चौथा कुणी तरी मुलाकडे लक्ष देणारा. मोशेनंही एकदा देवाला म्हटलं होतं, हे ओझं मला झेपत नाही, त्यापेक्षा मला मारून टाक. देवानं त्याला लोकांमधले ७० वडीलधारे नेमून दिले आणि ओझं वाटून दिलं. पाळकसाहेबांना हा बायबलच्या ‘गणना’ पुस्तकातला ११वा अध्याय वाचायला लावा आणि ‘माझ्यासाठी प्रार्थना करा’ असं मोघम न सांगता काम नेमून मागा. बुधवारी डबा. शुक्रवारी दवाखाना. मंडळीला मदत करायची असते हो, काय करायचं ते कळत नसतं, म्हणून वचनं सांगितली जातात. ईयोबाचे मित्रसुद्धा पहिले सात दिवस काही न बोलता त्याच्याजवळ जमिनीवर बसले होते. तोवर ते फार चांगले मित्र होते.

प्रार्थना सुचत नाही तर बळंच करू नका. दुसऱ्यांचे शब्द वापरा. स्तोत्र ८८ अंधारातच संपतं, शेवटी उजेड येत नाही, तरी ते स्तोत्रांतून कुणी काढून टाकलं नाही. तेच रोज थोडंसं पुटपुटा, नाही तर मोबाइलवर लावून ऐका. रविवारी दाराजवळच्या बाकावर बसा, गीत म्हणवत नसेल तर म्हणू नका, बाकीचे म्हणतायत. मधेच उठावंसं वाटलं तर उठा. कुणी साक्ष द्यायला, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायला बोलावलं तर ‘अजून चालू आहे’ म्हणून मोकळ्या व्हा. आपल्याकडे साक्ष म्हणजे संकट संपल्यावर द्यायची गोष्ट होऊन बसलीय, आणि त्यामुळे अजून संकटात असलेली माणसं मागच्या बाकावरून हळूच नाहीशी होतात.

कामाचं म्हणाल तर पीस-रेटवर असाल, हात मंद म्हणजे पैसे कमी, हे मला कळतं. तरी कारखाना सोडू नका. घरी बसलं की दिवस आणखी लांब होतो. सुपरवायझर बाईंशी बोलून महिनाभर सोपं काम घ्या, कॉलर-खिशाऐवजी सरळ शिलाई.

पुण्याला रेल्वेनं जाताना दौंडच्या पुढे केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलंच. त्यांचं कौतुक आपण करतो ते कामाचं, पण मला त्यांच्या आयुष्यातली मरणं जास्त दिसतात. दुष्काळात वणवण फिरताना वडील गेले, आई गेली, बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ गेला. १८८२ मध्ये नवरा गेला, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती, कडेवर तान्ही मुलगी मनोरमा. पुढे १९२१ मध्ये ती मनोरमाही गेली, आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई. बाप्तिस्मा १८८३ चा, म्हणजे ख्रिस्ती झाल्यावरही देवानं त्यांना मरणातून सूट दिली नाही. बायबलच्या मराठी भाषांतराचं त्यांचं काम मात्र शेवटपर्यंत चालू होतं. त्यांच्यासारखं व्हा असं मी तुम्हाला सांगत नाही. एवढंच म्हणतो, की आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेत आशा ही नेहमी कबरस्तानातून चालत आलेल्या माणसांनीच पुढे आणलेली आहे, हसतमुख लोकांनी नव्हे.

मुलाचं. चर्चला ये म्हणून त्याच्या मागे लागू नका. एवढ्या कोवळ्या वयात बाप गेला, त्याआधी चार वर्षं दवाखान्याच्या बाकड्यावर गेली, तो देवावर रागावलाय आणि त्याला तो अधिकार आहे. त्याच्याशी वडिलांबद्दल बोला, देवाबद्दल नंतर. तुमची गोळी, तुमची तारीख हे त्याला माहीत असू द्या. लपवलंत तर तो यापेक्षा वाईट काही तरी समजेल. त्याची झोप, मित्र, कॉलेज, दारू यांकडे लक्ष ठेवा. तोही वर्षभर गप्प असेल तर त्यालाही दाखवा.

येत्या आठवड्यात सिव्हिलच्या मानसोपचार विभागाच्या ओपीडीत जा किंवा तुमच्या डॉक्टरांनी सुचवलेल्या ठिकाणी जा. सकाळी लवकर जा, केसपेपरच्या रांगेला वेळ लागतो. नणंदेला सोबत न्या, कारण झोपेबद्दल, खाण्याबद्दल घरच्यांना जे दिसतं ते पेशंटला आठवत नाही. पहिल्या भेटीत शॉक-बिक देत नाहीत, नुसतं बोलतात आणि रक्त तपासायला सांगतात. मरणाच्या विचारांबद्दल विचारलं तर मला लिहिलंत तसंच सांगा. थायरॉईड-शुगरचे जुने रिपोर्ट आणि तुमच्या स्वतःच्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. चिठ्ठी नको, पाकिटंच. चिठ्ठीवरचं अक्षर आम्हालाही लागत नाही.